ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये पब्लिक डोमेन चित्रं कशी वापरायची: सोलापूरच्या उदाहरणांसह

वाचनालयाचं वार्तापत्र, शाळेचा प्रकल्प, सोसायटीची स्मरणिका, बचत गटाचं माहितीपत्रक हे सगळं आता सोलापुरात आधी गूगल डॉक्सवर तयार होतं. चार-पाच जण एकाच डॉक्युमेंटमध्ये लिहितात, कुणीतरी फोटो टाकतं, आणि शेवटी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते किंवा डीटीपीवाल्याकडे जाते. मजकुरातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी त्यावर चर्चा होते. फोटो कुठून आणला असं विचारलं, की मात्र ठरलेलं उत्तर येतं: "गूगलवरून घेतला."

गूगल फक्त शोधून दाखवतं. चित्र कुणाच्या तरी साइटवर असतं आणि बहुतेक वेळा त्यावर कुणाचा तरी हक्क असतो. दुसरीकडे, कुणाचीही परवानगी न घेता, एक पैसाही न देता वापरता येतील अशी लाखो उत्तम चित्रं नेटवर आहेत. ती शोधायची कशी, ओळखायची कशी आणि डॉक्युमेंटमध्ये नीट बसवायची कशी, हे पायरीपायरीने सांगते. आमच्या वाचनालयाच्या वार्तापत्रासाठी मी हे काम करते, आणि नवीन माणूस कुठे अडतो ते मला रोज दिसतं. माझा आग्रह एकच आहे: चित्राबरोबर त्याचा दाखलाही, म्हणजे ते कुणाचं, कुठलं आणि कोणत्या परवान्याचं हेही, डॉक्युमेंटमध्ये आलं पाहिजे. बाकी सगळं त्यामागून येतं.

आधी जवळ काय हवं

- गूगल खातं आणि शक्यतो कॉम्प्युटर. मोबाइलवर काम होतं, पण चित्राच्या पानावरची बारीक माहिती वाचायला मोठा पडदा बरा.
- चित्रं ठेवण्यासाठी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर.
- नोंदींसाठी एक गूगल शीट. हिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, ती टाळू नका.
- विषयाची इंग्रजी नावं. जुनी स्पेलिंग माहीत असतील तर उत्तमच.

१. 'फुकट' आणि 'पब्लिक डोमेन' यांत गल्लत करू नका

चित्रं साधारण चार प्रकारची असतात.

पब्लिक डोमेन म्हणजे ज्यावर आता कुणाचाही कॉपीराइट उरलेला नाही असं चित्र. मुदत संपली म्हणून, किंवा मुळात कॉपीराइट लागूच होत नाही म्हणून. ते छापा, कापा, विकत द्यायच्या पुस्तकात घाला, सगळं चालतं.

'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या वापराचे तयार परवाने. त्यातलं 'सीसी झीरो' म्हणजे निर्मात्याने स्वतःहून सगळे हक्क सोडून दिलेलं चित्र. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते पब्लिक डोमेनसारखंच.

'सीसी बाय' आणि 'सीसी बाय-एसए' ही चित्रं फुकट आहेत, पण अटींवर. निर्मात्याचं नाव, परवान्याचं नाव आणि दोन्हींचे दुवे द्यावे लागतात. 'एसए' असेल तर तुम्ही बदल करून बनवलेलं चित्रही त्याच परवान्याखाली खुलं ठेवावं लागतं. 'एनसी' दिसलं तर व्यापारी वापर बंद. जाहिराती घेऊन काढलेली स्मरणिका व्यापारी की नाही, हा वाद ओढवून घेण्यापेक्षा असं चित्र सोडलेलं बरं. 'एनडी' असेल तर बदल करून ते प्रसिद्ध करता येत नाही.

चौथा प्रकार फुकट फोटोंच्या साइट्सचा, म्हणजे अनस्प्लॅश, पिक्साबे, पेक्सेल्स. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये 'सीसी झीरो' सोडून स्वतःचा परवाना आणला. म्हणजे ते फोटो वापरता येतात, पण त्या त्या साइटच्या अटींनी. जुन्या मार्गदर्शक लेखांत अजून "पिक्साबेवरचं सगळं पब्लिक डोमेन" असं लिहिलेलं सापडतं. त्यावर विसंबू नका.

२. वर्षांचा हिशेब शिकून घ्या

हा भाग थोडा किचकट आहे, पण एकदा डोक्यात बसला की पुढचे निर्णय झटपट होतात.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेखन आणि चित्रकला यांना निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. आधी मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ अखेर त्यांचं लेखन मुक्त झालं असतं. त्या सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली.

आता उदाहरणं घ्या. राजा रवि वर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मुक्त आहेत. म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २००५ पासून मुक्त. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांची चित्रं १ जानेवारी २०१५ पासून मुक्त. एवढं कळलं की दिवाळीच्या वार्तापत्राला जुन्या मराठी चित्रकारांचा खजिनाच हाती येतो.

पण दिवाळीतच एक चित्र हमखास चुकीच्या नावाने येतं. निरांजन हाती घेतलेली, एका हाताने ज्योत झाकणारी स्त्री तुम्ही पाहिली असेल. ते चित्र रवि वर्मांच्या नावावर सर्रास फिरतं. काढलं आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हळदणकर १९६८ साली गेले. हिशेब करा: त्यावरचा कॉपीराइट २०२८ अखेरपर्यंत आहे. नाव चुकलं की परवानाही चुकतो, तो असा.

तसंच रवि वर्मा प्रेसचं. प्रेसच्या नावात रवि वर्मा आहेत, पण त्यांच्या पश्चातही तिथून इतर चित्रकारांची चित्रं छापली जात होती. चित्राच्या कोपऱ्यातली सही आणि छपाईचं साल पाहा.

छायाचित्रांचा हिशेब वेगळा. १९५८ पूर्वी भारतात काढलेल्या छायाचित्रांना १९११ चा जुना कायदा लावतात: मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या साइटवर अशा फोटोंच्या पानावर तशी परवान्याची चौकट लावलेली दिसेल. आजच्या फोटोंना, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. मधल्या दशकांतल्या फोटोंसाठी नियम बदलत गेले आहेत. नवख्या माणसाने त्या काळातला फोटो स्पष्ट दाखल्याशिवाय घेऊच नये.

आपल्या चार हुतात्म्यांचं उदाहरण पाहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या हयातीत काढलेला फोटो असेल तर जुन्या कायद्याने तो मुक्त. मात्र दरवर्षी जानेवारीत जी रंगीत व्यक्तिचित्रं फिरतात, ती नंतरच्या चित्रकारांनी काढलेली किंवा कुणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेली असतात. त्यांवर त्या चित्रकाराचा हक्क असू शकतो. माणूस १९३१ साली गेला म्हणून त्याचं प्रत्येक चित्र मुक्त होत नाही.

हाच मुद्दा वास्तूंना लागू. भुईकोट किल्ला कितीही जुना असला, तरी त्याचा मागच्या वर्षी काढलेला फोटो नवाच, आणि तो काढणाऱ्याचा. सपाट जुन्या चित्राची हुबेहूब प्रत मात्र वेगळी. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९९ साली एका प्रकरणात अशा प्रतीवर नवा कॉपीराइट निर्माण होत नाही असं म्हटलं, आणि कॉमन्स तेच धोरण पाळतं.

३. कुठे शोधायचं

गूगल इमेजेस सगळ्यात शेवटी. आधी या जागा:

विकिमीडिया कॉमन्स. २००४ पासून चालू, दहा कोटींहून जास्त फाइली, आणि मुखपृष्ठ मराठीतही वाचता येतं. शोधल्यावर परवान्याच्या गाळणीत 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा, म्हणजे अटीवाले फोटो बाजूला पडतील.

ओपनव्हर्स. अनेक संग्रह एकदम शोधतं. डावीकडे किंवा वर परवान्याच्या यादीत 'सीसी झीरो' आणि 'पब्लिक डोमेन मार्क' एवढ्या दोनच खुणा करा.

न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी पब्लिक डोमेन कलाकृतींच्या प्रतिमा 'सीसी झीरो' केल्या. भारतीय लघुचित्रं, कापडं, रवि वर्मा प्रेसची छापील देवचित्रं तिथे मिळतात. शोधताना 'ओपन अ‍ॅक्सेस'ची खूण करायला विसरू नका, कारण संग्रहातली सगळीच चित्रं मुक्त नाहीत. अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये असाच संग्रह खुला केला.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. पक्षी, प्राणी, झाडं यांची जुनी रंगीत चित्रं हवी असतील तर इथेच जा. नान्नजच्या माळढोकावर पान करायचं होतं तेव्हा मला इथे पोटभर मिळालं. ह्यूम आणि मार्शल यांच्या शिकारी पक्ष्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १८७९ चा, त्यात माळढोकाचं रंगीत चित्र आहे.

अवकाशाचे विषय असतील तर नासा. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टींवर त्या देशात कॉपीराइट नसतो. नासाचं बोधचिन्ह मात्र त्यात येत नाही. आणि चांद्रयानाचे फोटो इस्रोचे असतात, नासाचे नव्हे. भारत सरकारच्या कामावर प्रकाशनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. 'सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचं' हा समज शाळांच्या प्रकल्पांत फार दिसतो. सरकारी साइटवरचा फोटो हवा असेल तर पानाच्या तळाशी असलेलं कॉपीराइट धोरण वाचा. काही साइट्स नामनिर्देश करून वापरू देतात, काही आधी परवानगी मागायला सांगतात.

इंटरनेट अर्काइव्हवर जुनी पुस्तकं विपुल आहेत, पण तिथे कुणीही काहीही चढवू शकतं. पुस्तक तिथे आहे एवढ्यावरून ते मुक्त ठरत नाही, पुस्तकाचं साल आणि लेखकाचं मृत्युवर्ष पाहावंच लागतं.

४. शोधशब्द बदलून पाहा

"सोलापूरचं काहीच मिळत नाही," अशी तक्रार मी नेहमी ऐकते. बहुतेक वेळा दोष स्पेलिंगचा असतो. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत सोलापूर इंग्रजीत 'एस'नंतर 'एच' घालून लिहिलेलं आहे, म्हणजे शोलापूर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा आपल्या जिल्ह्याचा विसावा खंड १८८४ चा, त्यावरही तेच स्पेलिंग. दोन्ही प्रकारे शोधा. पंढरपूर, बार्शी, करमाळा यांचीही जुनी स्पेलिंग करून पाहा.

पक्षी-प्राण्यांसाठी शास्त्रीय नाव टाका. माळढोकाचं आजचं शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स. जुन्या ग्रंथांत तोच पक्षी युपोडोटिस एडवर्डसाय या नावाने आहे. नवं नाव टाकून बसलात तर १८७९ चं चित्र सापडेलच असं नाही.

हातमागासाठी 'चादर' शोधून फारसं हाती लागत नाही. 'हँडलूम', 'पिट लूम', 'जकार्ड' असे इंग्रजी शब्द टाकून पाहा. जुन्या विश्वकोशांतल्या मागाच्या रेखाकृती फार सुंदर असतात आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत उठूनही दिसतात.

५. फाइलचं पान सावकाश वाचा

इथे घाई करू नका. कॉमन्सवर चित्रावर क्लिक केलं की आधी मोठं चित्र दिसतं. तिथून 'मोअर डिटेल्स' दाबून फाइलच्या मूळ पानावर जा आणि चार गोष्टी पाहा.

निर्माता कोण? तिथे एखादं सदस्यनाव आणि 'ओन वर्क' असेल तर फोटो त्या सदस्याने काढलेला आहे. सिद्धेश्वर मंदिराचे, तलावाचे आजचे रंगीत फोटो साधारणपणे असेच आणि 'सीसी बाय-एसए' परवान्याचे असतात. वापरता येतील, पण नाव द्यावं लागेल.

तारीख कोणती? इथे फोटो काढल्याची तारीख आहे की चढवल्याची, हे बघा. १८८० सालच्या नकाशावर २०१२ अशी तारीख दिसली तर ती स्कॅन केल्याची असणार.

स्रोत काय? ग्रंथाचं नाव, संग्रहालयाचा क्रमांक, मूळ पानाचा दुवा असं काही हवं. स्रोत म्हणून नुसतं 'इंटरनेट' किंवा एखाद्या बातमीच्या साइटचा दुवा असेल तर ते चित्र सोडून द्या. कॉमन्सवरही चुकीच्या दाव्याने फाइली येतात आणि स्वयंसेवक त्या नंतर काढून टाकतात. पानाच्या वर फाइल हटवण्याबद्दल चर्चेची सूचना असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

परवान्याच्या चौकटीत काय लिहिलंय? मुक्त असण्याचं कारण तिथे असतं: निर्मात्याच्या मृत्यूला इतकी वर्षं झाली, अमेरिकेत अमुक सालापूर्वी प्रकाशित, भारतात १९५८ पूर्वीचं छायाचित्र, वगैरे. कॉमन्सवर चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत दोन्हीकडे मुक्त असावं लागतं, म्हणून दोन चौकटी दिसल्या तर गोंधळू नका. आपल्याला भारतातला हिशेब महत्त्वाचा, तो दुसऱ्या पायरीप्रमाणे स्वतः पडताळा.

६. डाउनलोड करण्याआधी नोंद करा

शीटमध्ये रकाने असे: आमच्या फाइलचं नाव, चित्रात काय आहे, निर्माता आणि मृत्युवर्ष, निर्मितीचं साल, साइट, पानाचा दुवा, परवाना, डाउनलोडची तारीख, चित्रात बदल केला का.

दुवा देताना फाइलच्या पानाचा द्या. नुसत्या चित्राचा, म्हणजे शेवटी जेपीजी असलेला पत्ता दिला तर त्यावरून परवाना कळत नाही. त्या पानाची पीडीएफ काढून फोल्डरमध्ये ठेवा. आणखी खात्री हवी असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या साइटवर 'सेव्ह पेज नाऊ' करून त्या दिवशीचं पान जतन करता येतं. साइट्स परवाने बदलतात हे अनस्प्लॅश आणि पिक्साबेवरून दिसलंच आहे. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर त्या दिवशी काय लिहिलं होतं ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

फाइलला नाव नीट द्या. 'माळढोक-१८७९-ह्यूम-मार्शल' असं नाव असलं की सहकाऱ्याला शीट न उघडताही अंदाज येतो.

७. योग्य आकार उतरवा

फक्त पडद्यावर वाचायचं असेल तर रुंदी १२०० पिक्सेल पुरते. छापायचं असेल तर इंचाला ३०० ठिपके धरा: १५ सेंटिमीटर रुंद चित्राला साधारण १७७० पिक्सेल, आठ सेंटिमीटरला ९४५, पूर्ण ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८.

उलट टोकाचीही अडचण येते. संग्रहालयांच्या मूळ फाइली अवाढव्य असतात. गूगल डॉक्स ५० एमबीपेक्षा मोठी किंवा २५ मेगापिक्सेलच्या वरची प्रतिमा घेत नाही. सहा हजार गुणिले पाच हजार पिक्सेलचं चित्र म्हणजे ३० मेगापिक्सेल, ते अडकणारच. कॉमन्सवर लहान आकारही तयार असतात, त्यातला निवडा. टिफ फाइल चालत नाही, जेपीजी किंवा पीएनजी घ्या.

चित्र एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाका.

८. डॉक्युमेंटमध्ये बसवा

गूगल डॉक्समध्ये 'इन्सर्ट', मग 'इमेज', मग 'अपलोड फ्रॉम कॉम्प्युटर' किंवा 'ड्राइव्ह'. त्याच यादीत 'सर्च द वेब' आहे. तो सोपा वाटतो आणि म्हणूनच मी सगळ्यांना त्यापासून लांब राहायला सांगते. तिथून एका क्लिकमध्ये चित्र येतं, पण त्याचं मूळ पान, निर्माता, परवाना यातलं काहीही बरोबर येत नाही. वर्डमध्ये 'ऑनलाइन पिक्चर्स'मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स ओन्ली' अशी खूण असते. तिने गाळणी होते, पण प्रत्येक चित्राचं मूळ पान उघडून पाहण्याचं काम उरतंच.

चित्र आलं की कोपरा धरूनच लहान-मोठं करा, बाजू धरून ओढलं की माणसं लांबुडकी होतात.

गूगल डॉक्समध्ये चित्राखालच्या ओळीसाठी वेगळी सोय नाही, आणि ओळ नुसती खाली टाइप केली तर संपादन करताना ती पुढच्या पानावर पळते. यावर माझा उपाय असा: एका रकान्याचा, दोन ओळींचा तक्ता घ्या. वरच्या घरात चित्र, खालच्या घरात ओळ. तक्त्याच्या रेघेची जाडी शून्य करा. ओळ चित्राला बऱ्यापैकी चिकटून राहते आणि कुणी चित्र हलवलं तरी दोन्ही बरोबर जातात.

९. ओळ लिहा, पर्यायी मजकूरही लिहा

पब्लिक डोमेन चित्राला नामनिर्देश कायद्याने बंधनकारक नसतो. तरी द्या. वाचकाला मूळ चित्रापर्यंत जाता येतं आणि पुढच्या माणसाची शोधाशोध वाचते. नमुना असा:

'माळढोक. ह्यूम व मार्शल यांच्या १८७९ च्या खंडातून. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. पब्लिक डोमेन.'

'सीसी बाय-एसए' चित्रासाठी: 'सिद्धेश्वर तलाव. छायाचित्र: (कॉमन्सवरचं सदस्यनाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०. बाजू कापल्या आहेत.' यात सदस्यनावावर फाइलच्या पानाचा आणि परवान्यावर परवान्याच्या पानाचा दुवा लावा.

चित्रावर उजवं क्लिक करून 'ऑल्ट टेक्स्ट'ही भरा. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तोच मजकूर वाचून दाखवतं. 'पक्ष्याचं चित्र' एवढं लिहून भागत नाही. 'गवताळ माळावर उभा उंच पक्षी, डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ तपकिरी' असं लिहा.

डॉक्युमेंट डीटीपीवाल्याकडे जाणार असेल तर एक काळजी घ्या. युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना बारीक अक्षरांतल्या ओळी आणि दुवे गळतात, आणि नेमके आपले नामनिर्देश जातात. मूळ चित्रं, डॉक्सची पीडीएफ आणि नोंदींची शीट असं तिन्ही द्या, आणि प्रूफ आलं की आधी चित्रांखालच्या ओळी तपासा.

१०. कॉपीराइट नसला तरी अडवणाऱ्या गोष्टी

राजमुद्रा: चार सिंहांचं चित्र कॉमन्सवर सहज मिळतं, पण खासगी संस्थेने ते आपल्या कागदावर छापणं २००५ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर शोभेसाठी ते टाकू नका.

भारताचा नकाशा: अमेरिकी केंद्र सरकारचे नकाशे बहुधा पब्लिक डोमेन असतात, पण त्यात जम्मू-काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशासारखी नसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे. नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवरूनच घ्या. हा मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा.

माणसांचे चेहरे: कॉपीराइट सुटला म्हणून कुणाचाही चेहरा जाहिरातीत वापरता येत नाही. गड्ड्याच्या यात्रेतला लहान मुलांचा फोटो असेल तर आईवडिलांना विचारा.

चादरीवरचं नाव: चादरीच्या कोपऱ्यात विणलेलं किंवा शिवलेलं कारखान्याचं नाव म्हणजे त्यांचं व्यापारचिन्ह. विक्रीच्या माहितीपत्रकात दुसऱ्याच्या चादरीचा फोटो वापरताना तो कोपरा चौकटीबाहेर ठेवा.

११. काहीच मिळालं नाही तर स्वतः काढा

सोलापूरच्या कितीतरी गोष्टींचे मुक्त फोटो अजून नाहीतच. ही उणीव आपणच भरून काढू शकतो. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्यांचे आणि इमारतींचे फोटो काढून प्रसिद्ध करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने मुभा आहे. त्यामुळे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा तुम्ही काढलेला फोटो निर्धास्त वापरा. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना ही मुभा मिळत नाही, तिथे चित्रकाराची परवानगी घ्या. हातमागावर फोटो काढायचा असेल तर विणकराला आणि मालकाला आधी सांगा. धोट्याचा वेग पकडायचा तर खिडकीजवळचा माग निवडा.

मग तो फोटो कॉमन्सवर चढवा. खातं फुकट आहे, आणि चढवताना फोटो तुम्हीच काढल्याचं सांगून परवाना निवडावा लागतो. कुणालाही अटीविना वापरता यावा असं वाटत असेल तर 'सीसी झीरो' निवडा, आपलं नाव यावं असं वाटत असेल तर 'सीसी बाय'. यातला कोणताही परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून घरातल्या माणसांचे चेहरे असलेले फोटो त्यात टाकू नका. वर्णन मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा, ठिकाण आणि तारीख द्या, आणि इंग्रजी वर्णनात सोलापूरचं जुनं स्पेलिंगही घाला, म्हणजे तसं शोधणाऱ्यालाही तो सापडेल.